नाळेतलं रक्त आणि भीतीचा धंदा

आता तालुक्याच्या गावातही गरोदर बाईच्या घरी फोन येतो, "बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवा, आयुष्यभराचा विमा!" हप्त्यांची सोय असतेच.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. ती स्वतःसारख्या पेशी तयार करते आणि वेगळ्या प्रकारच्या पेशीतही बदलू शकते. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून आपलं रक्त बनतं. म्हणूनच रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांवर प्रत्यारोपण होतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात ते १९८३ पासून होतंय. हे खरं विज्ञान.

पण स्वतःच्याच बाळासाठी रक्त जपणं वेगळं. थॅलेसेमिया जन्मजात असेल, तर तोच दोष नाळेच्या रक्तातही असणार. मग ते काय कामाचं? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलंय. घरात आधीच असा आजारी भाऊ-बहीण असेल तर गोष्ट निराळी, डॉक्टरांना विचारा.

माझं मत स्पष्ट आहे. भीती विकणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा घरातल्या तरुणांनी मूळ पेशींचे दाते म्हणून नाव नोंदवावं. सुरुवातीला गालाच्या आतला नमुना द्यायचा, बस्स. कुणाच्या तरी लेकराशी तुमच्या पेशी जुळतील!