सहमार्गदर्शक सीमेपलीकडचा असू द्या

निपाणी शहर कर्नाटकात आहे आणि त्याला खेटून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. अर्जुननगरचे देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, तर निपाणीतले केएलई संस्थेचे बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी. एकाच गल्लीत वाढलेली दोन मुले या दोन कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि तिथून त्यांच्या वाटा फुटतात. पदवीपर्यंत याने फारसे बिघडत नाही. पण दोघांनी एम.ए. करून पीएच.डी.ला नाव नोंदवायचे ठरवले आणि दोघांचाही विषय निपाणीचाच असला, तर अडचण सुरू होते. एकाला कोल्हापूरचा गाईड मिळतो, पण बेळगावची कागदपत्रे परकी होतात. दुसऱ्याला बेळगावचा गाईड मिळतो आणि कोल्हापूरचे अभ्यासक फक्त चर्चासत्रात भेटतात. नोंदणी एका विद्यापीठात आणि सहमार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठातला, अशी सोय राणी चन्नम्मा आणि शिवाजी या दोन विद्यापीठांनी करार करून आपापल्या पीएच.डी. नियमावलीत घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सीमाभागाचा कोणताही गंभीर विषय घ्या, तो एका राज्यात मावत नाही. निपाणीच्या तंबाखूचेच पाहा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडले, रस्त्यावरच ‘आंदोलननगर’ उभे केले आणि शेवटी ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. या आंदोलनाचा संशोधक काय काय वाचेल? आंदोलनाची भाषणे, पत्रके आणि वृत्तपत्रांतल्या बातम्या मराठीत. राज्य सरकार आणि पोलीस यांचा कागद कर्नाटकाचा, म्हणजे कन्नड आणि इंग्रजी. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या तर त्या मराठीत, मधेच कन्नडात आणि पुष्कळदा दोन्हींच्या मिसळीत. आणखी मागे गेले, निपाणकर देसायांच्या काळात शिरले, की मोडी वाचता यायला हवी आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसायला हवे. डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यात होती. त्या काळचा सरकारी कागद मुंबईच्या दप्तरात आहे. हे सगळे एकट्या गाईडला साधावे ही अपेक्षाच चुकीची आहे. इथे दोन माणसे लागतात, एक कन्नड दप्तर आणि कर्नाटकाचे प्रशासन ओळखणारा आणि दुसरा मराठी व मोडी साधनांत मुरलेला.

विद्यापीठांच्या हद्दी या भागात कायमच्या कधीच नव्हत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. इथली महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाची होती. १९४९ च्या कायद्याने कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई राज्यातच होते. १९५६ ला राज्ये बदलली. १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आले. २०१० मध्ये बेळगावचे पदव्युत्तर केंद्र धारवाडच्या या कर्नाटक विद्यापीठापासून वेगळे होऊन राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. एवढ्या बदलांत निपाणीचा बाजार, वेदगंगेचे खोरे, इथल्या यात्रा आणि सोयरिकी जिथल्या तिथे राहिल्या.

आता जागांचा हिशेब करू, कारण खरी कोंडी तिथे आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. समजा, एखाद्या लहान विभागात एक सहयोगी आणि दोन सहायक प्राध्यापक आहेत. म्हणजे सगळे मिळून चौदा विद्यार्थी. प्रत्येकाने सहा वर्षे घेतली, तर वर्षाला जेमतेम दोन-तीन जागा मोकळ्या होणार. त्यात सहयोगी प्राध्यापक निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतील, तर तेवढ्याही नाहीत. कर्नाटकात मराठीसारख्या विषयाचे विभाग मोजकेच आणि लहान असतात. अशा ठिकाणी कोणता विषय कोण घेणार हे विद्यार्थ्याच्या आवडीने ठरत नाही, ज्या गाईडकडे जागा आहे त्याच्या अभ्यासक्षेत्राने ठरते. मग तंबाखूवर काम करू इच्छिणारी मुलगी एखाद्या कादंबरीकाराच्या व्यक्तिरेखांवर प्रबंध लिहून मोकळी होते. सहमार्गदर्शकाने जागा वाढणार नाहीत, हे खरे. पण असलेल्या जागेवर विद्यार्थ्याला हवा तो विषय घेता येईल, कारण मुख्य गाईडला जे अवगत नाही ते शिकवणारे माणूस नियमाने सोबत असेल.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. याच २०२२ च्या नियमांत दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने घेता येतो. प्रबंध तपासायला किमान दोन बाहेरचे परीक्षक बंधनकारक आहेत. मराठीच्या प्रबंधाला असा परीक्षक शोधायचा म्हटले की तो बहुतेक महाराष्ट्रातला किंवा गोव्यातलाच मिळणार. म्हणजे सहा वर्षांचे काम संपल्यावर सीमेपलीकडच्या माणसाने त्याचे मूल्यमापन केलेले चालते. त्याच माणसाने पहिल्या वर्षी चार गोष्टी समजावून सांगितल्या, तर प्रबंध सुधारेल. यूजीसीने २०२२ मध्येच पात्र भारतीय विद्यापीठांना परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्या देण्याची वाट खुली केली. हजारो मैलांवरच्या विद्यापीठाशी भागीदारी करता येते, तर सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या शेजाऱ्याशी ती न करण्याला काय आधार आहे?

पीएच.डी.च्या नियमांतली आणखी एक तरतूद सीमाभागासाठीच लिहिली असावी असे वाटते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने संशोधक स्त्रीला स्थलांतर करावे लागले, तर तिचे संशोधन नव्या ठिकाणच्या संस्थेकडे नेण्याची मुभा आहे. आधीच्या गाईडला आणि संस्थेला श्रेय देऊन, आणि ते काम कोणाच्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसेल तर. इथे बेटीव्यवहार सीमा पाहून होत नाही. चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या मुली खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणीत नांदायला येतात आणि इकडच्या तिकडे जातात. कोर्सवर्क पुरे झालेले आहे, दोन वर्षांची टिपणे हाताशी आहेत, आणि लग्नानंतर विद्यापीठ चाळीस किलोमीटरवरून शंभरावर गेले, अशी स्थिती आली की बहुतेक प्रबंध माळ्यावर जातात. स्त्रियांना एकूण दहा वर्षांपर्यंत मुदत मिळते आणि संशोधनकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजाही मिळते. पण मुदत वाढवून गाईड जवळ येत नाही. सुरुवातीपासून दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक असेल, तर हे स्थलांतर कागदोपत्री अर्ज-विनंत्यांचा खेळ न होता साधी अदलाबदल होईल, कालपर्यंतचा सहमार्गदर्शक मुख्य होईल आणि मुख्य सहमार्गदर्शक.

ज्या भूमीसाठी युद्धे झाली, तिथेही सीमेपलीकडच्या विद्यापीठांची भागीदारी जमली आहे. ऱ्हाईन नदीकाठचा अल्सास प्रांत १८७१ पासून १९४५ पर्यंत चार वेळा फ्रान्स आणि जर्मनीमध्ये अदलाबदल झालेला. आज त्या परिसरातले फ्रान्सचे स्ट्रासबर्ग, जर्मनीचे फ्रायबर्ग, स्वित्झर्लंडचे बाझल आणि त्यांची शेजारी विद्यापीठे १९८९ पासून ‘युकॉर’ या संघात एकत्र आहेत. एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्यात जाऊन अभ्यासक्रम करतो. त्यांच्या मधली सीमा देशांची आहे. आपली सीमा एकाच संविधानाखालच्या दोन राज्यांची आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की बेळगावच्या मुलाला कोल्हापुरात नाव नोंदवायला बंदी कुठे आहे? नाही, आणि काही जण तसे करतातही. पण पीएच.डी. करणारा सीमाभागातला विद्यार्थी बहुधा पूर्णवेळ विद्यार्थी नसतो. तो हायस्कूलमध्ये किंवा विनाअनुदानित कॉलेजात शिकवतो, संस्थेची एनओसी घेऊन अर्धवेळ संशोधन करतो, आणि दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. त्याला जवळचे विद्यापीठ सोडायला लावून दूरचे धरायला सांगणे म्हणजे कन्नड साधनांचा जाणकार सोडायला सांगणे. त्याला दोन्ही हवेत.

दुसरा आक्षेप अधिकारक्षेत्राचा. राज्य विद्यापीठाने राज्याबाहेर पाय पसरू नयेत, हे २००५ च्या प्रा. यशपाल खटल्याच्या निकालापासून पक्के झाले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु इथे कोणी बेळगावात शिवाजी विद्यापीठाचे केंद्र काढायला सांगत नाही. नोंदणी, शुल्क, पदवी सगळे एकाच विद्यापीठाचे राहील. दुसऱ्या विद्यापीठातली एक व्यक्ती मार्गदर्शन करेल, एवढेच.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण सर्वांत वजनदार तोच आहे. सीमाप्रश्न न्यायप्रविष्ट असताना असे करार केले, तर आपली बाजू सैल पडेल, असे मराठी बाजूला वाटते. आणि शिक्षणाच्या मार्गाने महाराष्ट्र आत शिरतो आहे, असे कन्नड बाजूला वाटते. दोन्ही शंका मी हलक्या मानत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाने पिढ्यान् पिढ्या जे सोसले, ते विसरून कोणी करार करावेत असे मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढ्या काळात सहा-सहा वर्षांच्या संशोधकांच्या तीन तुकड्या येऊन गेल्या. सहमार्गदर्शकाच्या सहीने एकाही गावाचा सातबारा बदलणार नाही. दोन्ही सरकारांनी दूधगंगा प्रकल्पाचे पाणी वाटून घेतले, तेव्हा कोणाचा दावा बुडाला नाही. आणि ही सोय एकतर्फी असता कामा नये. जत, अक्कलकोट भागातल्या कन्नड विद्यार्थ्यालाही कन्नडचा जाणकार सहमार्गदर्शक कर्नाटकातून मिळायला हवा. जे निपाणीसाठी मागायचे ते जतला नाकारायचे, अशी मागणी टिकणार नाही.

उरतो दर्जाचा प्रश्न. सहमार्गदर्शक नुसता मुखपृष्ठावर नावापुरता राहील, ही भीती खरी आहे, असे होते. म्हणून त्याला संशोधन सल्लागार समितीचा सदस्य करावे आणि सहामाही अहवालावर त्याची सही सक्तीची करावी. बारा श्रेयांकांच्या किमान कोर्सवर्कमध्ये सीमाविषयक संशोधकांसाठी भाषेचा अभ्यासक्रम ठेवावा, मराठी विद्यार्थ्याला कन्नड कागदपत्रे वाचण्याइतके कन्नड आणि कन्नड विद्यार्थ्याला मराठी व मोडी. या बाबतीत मराठी समाजाने मन मोठे करावे असे मला मनापासून वाटते. कन्नड सक्तीला विरोध करणे हा आपला हक्क आहे, पण सीमाभागाच्या संशोधकाने कन्नड न वाचणे हा त्याच्या प्रबंधातला दोष आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. नेट-जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार मिळतात, पण ती थोड्यांनाच मिळते. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र तरतूद ठेवली आहे. तेच तत्त्व महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या संशोधकांसाठी प्रत्येक अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातीत नि:संदिग्ध शब्दांत छापले पाहिजे.

दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंनी हा विषय येत्या विद्या परिषदेच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा. सुरुवात इतिहास, मराठी, कन्नड, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या पाच विषयांपासून करावी, सहमार्गदर्शकांची यादी दोन्ही संकेतस्थळांवर लावावी आणि पुढच्या पीएच.डी. प्रवेशाच्या अर्जात सहमार्गदर्शकाचा रकाना छापावा. सीमाभागातल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी त्यासाठी आजच निवेदन द्यावे.