धूर कोणाचा, सफाई कोणाच्या खर्चाने?

आइसलँडमधील हेलिशेइदी येथे 'क्लाइमवर्क्स' या स्विस कंपनीने २०२१ मध्ये 'ओर्का' आणि २०२४ मध्ये 'मॅमथ' हे दोन कारखाने सुरू केले. त्यांत हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढला जातो. मोठे पंखे हवा आत ओढतात. गाळण्यांमध्ये अमाइन या नत्रयुक्त रसायनाने भारलेला सच्छिद्र घन पदार्थ असतो; वायू त्याला चिकटतो. गाळणी भरली की ती बंद करून सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवतात. सुटलेला वायू पाण्यात विरघळवून खोल बेसॉल्ट खडकात सोडतात. तेथे दोन वर्षांच्या आत बहुतांश वायूचा दगड बनतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

विज्ञानाचे हे यश निर्विवाद आहे. परंतु त्याचे माप घेतले पाहिजे. मॅमथची पूर्ण वार्षिक क्षमता ३६ हजार टन. जग दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन वायू हवेत सोडते. म्हणजे हा कारखाना वर्षभर पूर्ण क्षमतेने राबला, तरी जगाचे अवघ्या अर्ध्या मिनिटाचे पाप धुईल. हवेच्या दहा हजार रेणूंत या वायूचे रेणू जेमतेम चार. ते वेचण्यास उष्णता आणि वीज लागणारच.

खरा प्रश्न मालकीचा व खर्चाचा आहे. हवा स्वच्छ झाली तर लाभ सर्वांचा. मग या सेवेला गिऱ्हाईक कोण? ज्यांना आपल्या धुराचा हिशेब कागदोपत्री चुकता करावयाचा आहे, ते! बड्या कंपन्या टनामागे शेकडो डॉलर मोजून प्रमाणपत्रे घेतात. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने हवेतून काढून गाडलेल्या वायूस टनामागे १८० डॉलरपर्यंत करसवलत दिली. २०२५ मध्ये तोच दर तेलविहिरींत वायू दाबून अधिक तेल उपसणाऱ्या नव्या प्रकल्पांनाही लागू झाला. जनतेच्या पैशाने वायू पकडावयाचा आणि त्याच वायूच्या जोरावर जाळण्यासाठी आणखी तेल काढावयाचे, याला सफाई म्हणता येणार नाही.

शहराचे मैलापाणी वाहून नेणे हे नगरपालिकेचे कर्तव्य मानले जाते. हवेची सफाईही सार्वजनिक सेवाच मानली पाहिजे. हेलिशेइदीला ऊर्जा पुरविणारे भूऔष्णिक केंद्रही रेक्याविक व शेजारच्या नगरपालिकांच्याच मालकीचे आहे. खर्च मात्र कोळसा व तेल जाळून ज्यांनी संपत्ती साठविली, त्यांच्यावरील करातून यावा. आणि पकडलेल्या टनांचा हिशेब धूर कमी करण्याच्या बंधनातून वजा होऊ नये.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. दख्खनचा खडक बेसॉल्टचाच आहे. आइसलँडच्या पद्धतीने एक टन वायू जिरविण्यास सुमारे २५ टन पाणी लागते. उद्या असा प्रस्ताव येथे आला, तर मराठवाड्यातील पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा व शेतीचा राहील, परदेशी धुराचा नव्हे, हे आजच ठरवून ठेवणे शहाणपणाचे होईल.