आमटीतली गोळी

बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपले की खऱ्या गप्पा सुरू होतात. अशाच एका बैठकीत एक काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, मुलाला आमटीतून गोळी देतेय. सांगून घेतच नाही, काय करू?" मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं. काकूंना कुणी नावं ठेवली नाहीत. उलट आणखी दोघी पुटपुटल्या, "आमच्याकडेही तेच."

मैत्रिणींनो, त्या माउलीला मी मुळीच दोष देणार नाही. रात्र रात्र जागलेल्या बाईला उपदेश करणं सोपं असतं. पण ही चोरटी गोळी फार दिवस साथ देत नाही, हेही सांगायलाच हवं. आधीच संशयाने घेरलेल्या माणसाला एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसतो आणि त्याचा संशय खरा ठरतो! मग तो आईच्या हातचं जेवणही नाकारतो. शिवाय औषधाने त्याचे हात थरथरू लागले, दिवसभर गुंगी राहिली, तरी ती कशामुळे हे त्याला कळत नाही. मग डॉक्टरांना तो सांगणार काय?

माणूस औषध का सोडतो, हे आपण कधी विचारतो का? आपल्याला काही झालंय असं न वाटणं हा पुष्कळदा या आजाराचाच भाग असतो, हे खरं. पण कारण तेवढंच नसतं. काही औषधांनी वजन वाढतं. काहींनी बायकांची पाळी लांबते किंवा बंदच होते. घरात सासू, केबिनमध्ये पुरुष डॉक्टर, बाहेर रांग. अशा वेळी ती सून पाळीचं कुणाला सांगणार? ती गुपचूप गोळ्या बंद करते आणि आपण म्हणतो, "हिलाच बरं व्हायचं नाही." मग एक दिवस तिला माहेरी नेऊन सोडतात. नवरा आजारी पडला तर बायकोने त्याला सांभाळायचं. बायको आजारी पडली तर सांभाळायचं माहेरानं! हा कुठला न्याय?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासूनचा. तरीही २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की तीव्र मानसिक आजार असलेल्या चारजणांपैकी जवळपास तिघांना उपचार मिळतच नव्हते. ठरल्या दिवशी रुग्णालयात जो येईल त्याला औषध मिळतं. जो येत नाही, त्याचं काय? बाळाची लस चुकली तर आशाताई दारात येते. क्षयाच्या रुग्णाने गोळ्या सोडल्या तर कर्मचारी घर शोधत येतो. मग मनाच्या रुग्णाचा केसपेपर नुसता धूळ खात का पडावा?

घरी जाऊन उपयोग होतो का? होतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये एक अभ्यास छापून आला. तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यातले स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. इतरांकडे त्याशिवाय प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरीही जात होते. चमत्कार झाला नाही. पण वर्षभरानंतर घरभेटी मिळालेल्यांचा त्रास आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी थोड्या अधिक कमी झाल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या भेटीत गोळीचा विषयच काढू नये. चहा घ्यावा, शेळीची, पिकाची, क्रिकेटची चौकशी करावी. तुला कशाचा त्रास होतो, काय करावंसं वाटतं, हे विचारावं. कुणी म्हणेल, झोप हवी. कुणी म्हणेल, पुन्हा शिवणकाम करायचंय. तिथूनच औषधाची वाट निघते. आणि दर वेळी तीच ताई, तोच भाऊ यायला हवा. रोज नवा चेहरा आला तर विश्वास बसणार कसा?

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. साखळीने बांधून ठेवायला त्यात बंदी आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा त्यात हक्क आहे. बरं वाटत असताना, 'पुढे आजार वाढला तर मला असे उपचार द्या, असे देऊ नका,' हे लिहून ठेवण्याचीही सोय आहे. म्हणजे रुग्णालाही मत असतं, हे कायद्याने मान्य केलंय. आपण घरात कधी करणार?

तुमच्या घरी आमटीतली गोळी चालू असेल, तर घाबरून ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांना एकटीने भेटून खरं ते सांगा. काही रुग्णांना दोन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालतं, तेही विचारा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. शेजारच्या घरी असं कुणी असेल तर हळदीकुंकवाला त्या घरालाही बोलावणं धाडा. 'बाहेरचं आहे' म्हणून त्या घरावर फुली मारू नका.

आणि ग्रामसभेत, नगरपालिकेत, जिथे आपला आवाज पोहोचतो तिथे एक मागणी लावून धरा: औषध सुटलेल्या रुग्णाच्या दारी महिन्याच्या आत कुणीतरी गेलंच पाहिजे. आईने किती वर्षं एकटीने आमटी ढवळत बसायचं?