राग, अबोला, उतावळेपणा एकाच मुलात: किशोरवयात व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान इतकं अवघड का?

समजा, पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. घरी क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. वर्गात कुणाशी बोलत नाही. आज जिवलग असलेला मित्र आठवड्यात वैरी होतो. आणि वहीत एक रेघ वाकडी गेली, तर पानच फाडतो.

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावात अशा मुलाबद्दल ठरलेली मतं ऐकू येतात. वय आहे, जाईल. लाडानं बिघडलाय. किंवा मग, बाहेरचं झालंय.

डॉक्टरकडे नेलं तरी नेमकं उत्तर लगेच मिळत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या नियमावलीत व्यक्तिमत्त्व विकाराचे १० प्रकार आहेत. पण माणसं या कप्प्यांत नीट बसत नाहीत. एकाच व्यक्तीत दोन-तीन प्रकारांची लक्षणं सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. 'बॉर्डरलाइन' हा त्यातला एक प्रकार घ्या. त्याच्या नऊ निकषांपैकी पाच जुळले की निदान होतं. म्हणजे निकष जुळण्याचे २५६ वेगवेगळे मार्ग झाले. एकच निदान असलेल्या दोघांत फक्त एकच लक्षण समान असू शकतं!

किशोरवयात हा गुंता वाढतो, कारण स्वभाव अजून घडत असतो. शिवाय नैराश्य, एडीएचडी, व्यसन किंवा घरातली मारहाण यांचे परिणामही वरवर असेच दिसतात. म्हणून १८ वर्षांखालच्या मुलांत लक्षणं किमान वर्षभर टिकलेली असावीत, अशी 'डीएसएम'ची अट आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान तर १८ वर्षांआधी करताच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११' मध्ये जुने कप्पे जवळपास मोडीत काढले आहेत. त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, हे आधी पाहायचं. मग त्यात काय काय मिसळलंय ते नोंदवायचं: सततची चिंता नि चिडचिड, माणसांपासून तुटलेपण, दुसऱ्याची पर्वा नसणं, उतावळेपणा, सगळं काटेकोरच हवं हा हट्ट. एकाच मुलात यातलं बरंच काही असू शकतं, हे इथे गृहीतच धरलंय. पालकांनाही हीच पद्धत समजायला सोपी जाईल. नाव काय, यापेक्षा मुलाचं जेवण, झोप, शाळा, मैत्री किती विस्कटलंय, हे त्यांना नक्की सांगता येतं.

पण दोन्ही पद्धतींना वेळ लागतो. एका भेटीत स्वभाव कळत नाही. उपचारांचा मुख्य भागही गोळ्या नसून नियमित संवादोपचार हाच असतो. मंद्रूपहून सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दर खेपेला जायचं म्हणजे आई किंवा वडिलांचा दिवसाचा रोजगार बुडाला. दोन-तीन खेपांनंतर जाणं थांबलं, तर दोष कुणाला द्यायचा? त्यात या सीमाभागात कित्येक घरांत कन्नड बोललं जातं. मनातली घालमेल मुलानं कुठल्या भाषेत सांगायची, हाही प्रश्न आहेच.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

वर्षभर मुलाला रोज पाहणारी घराबाहेरची जागा एकच, शाळा. विशाखापट्टणममधल्या एका नीट परीक्षार्थी विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. समुपदेशकानं निदान करणं अपेक्षित नाही. पण वर्षभराच्या त्याच्या नोंदी सिव्हिलमधल्या डॉक्टरांच्या हाती पडल्या, तर काही खेपा नक्कीच वाचतील.

तोपर्यंत फोनचा पर्याय आहे. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि कन्नडमध्येही. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर मात्र वर्षाची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.