वर्ग कमी नकोत, पुरेसे हवेत

पॅरालिम्पिक आलं की एक कुजबूज हमखास ऐकू येते. ‘थाळीफेक एकच, मग तिला इतकी सुवर्णपदकं कशाला? ही तर पदकांची खिरापत. वर्ग कमी करा, म्हणजे पदकाला किंमत येईल.’ बोलणारे क्रीडाप्रेमीच असतात, म्हणून त्यांच्या म्हणण्याचा समाचार घ्यायला हवा. त्यासाठी सेरेब्रल पाल्सी असलेल्या स्त्रियांची थाळीफेक घेऊ.

आक्षेप तीन आहेत. वर्ग फार, म्हणून पदक स्वस्त. एकेका वर्गात स्पर्धक थोडे, म्हणून चुरस नाही. आणि वर्गीकरणात लबाडीला वाव, म्हणून निकालावर भरवसा नाही.

पहिला आक्षेप. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत सहा वजनगट आहेत. पन्नास किलोच्या गटातलं सुवर्ण शहात्तर किलोवालीला चीतपट केल्याशिवाय खरं नाही, असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणेल का? वजनगट म्हणजे सवलत नव्हे, हे कुस्तीत आपल्याला सहज पटतं. इथेच अडतं, कारण सेरेब्रल पाल्सी म्हणजे एकच एक व्यंग असं आपण धरून चालतो.

तसं ते नाही. बिघाड मेंदूत असतो, पण कुणाचे स्नायू ताठरतात, कुणाचा तोल जातो, कुणाचे हातपाय मनाविरुद्ध हलतात. फेकीच्या खेळांत यासाठी एफ ३१ ते एफ ३८ असे आठ वर्ग आहेत. पहिल्या चारांतल्या खेळाडू बसून फेकतात, पुढच्या चारांतल्या उभ्या राहून. आता फेक जवळून पाहा. वर्तुळ अडीच मीटर व्यासाचं, थाळी एक किलोची. थाळी मुठीत धरत नाहीत. ती बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकलेली असते, गिरकीच्या वेगाने हाताला चिकटून राहते आणि तर्जनीवरून सुटते. जोर पायांतून येतो, मग कंबर फिरते, हात सगळ्यात शेवटी. एफ ३५ मधलीचे हात बरेचसे ताब्यात असतात, पण दोन्ही पाय ताठर, त्यामुळे जोर जिथून यायचा तिथेच अडतो. एफ ३६ मधलीची गोष्ट वेगळी. तिच्या हातापायांवर अनैच्छिक हालचालींचा किंवा ढळत्या तोलाचा अंमल असतो. बोटं सुटायचा नेमका क्षण एवढासा हुकला की थाळी जाळीत. या दोघींना एकाच पट्टीने मोजायचं कसं?

‘एकत्र खेळवा आणि गुण देऊन फरक मिटवा’ असं यावर सांगितलं जातं. तो प्रयोगही झाला आहे, नेमका याच दोन वर्गांवर. २०१२ मध्ये लंडनला एफ ३५ आणि एफ ३६ च्या स्त्रियांची थाळीफेक एकत्र झाली आणि निकाल गुणांच्या सूत्राने लावला. एफ ३५ मधल्या युक्रेनच्या मारिया पोमाझानच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं. मागाहून गणितात चुकीची आकडेवारी वापरल्याचं उघड झालं. नव्या हिशेबात सुवर्ण एफ ३६ मधल्या चीनच्या वू चिंगला आणि रौप्य पोमाझानला. युक्रेनची तक्रार फेटाळली गेली. मैदानावरची एकही फेक बदलली नव्हती, तरी विजेती बदलली. वर्ग एकत्र केल्याने पदकाला किंमत येते म्हणणाऱ्यांनी हा निकाल समोर ठेवावा.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. काही वर्गांत स्पर्धक मोजक्याच असतात. पण त्याचं कारण शोधायला गेलं की आक्षेप उलटतो. पॅरिसला २०२४ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या स्त्रियांना गोळाफेकीत एफ ३२ ते एफ ३७ असे सहा वर्ग होते. थाळीफेकीत एकच, एफ ३८, म्हणजे सर्वांत सौम्य व्यंगाचा. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या सिमोन क्रूगरने ३८.७० मीटर फेकून सुवर्ण घेतलं. वरच्या, म्हणजे आपल्याहून सौम्य व्यंगाच्या, वर्गात उतरून झुंजणाऱ्याही निघतात, पण अशा धाडसावर स्पर्धेची रचना बेतता येत नाही. ज्या प्रकाराला पदक नाही, त्यावर कुठलीही संघटना पैसा आणि प्रशिक्षक लावत नाही. हीच पोमाझान २०१६ मध्ये रिओला पदक मिळवून गेली ती गोळाफेकीत. आधी दार लावायचं आणि मग आत कुणी येत नाही म्हणायचं, हा न्याय अजब आहे.

तिसरा आक्षेप लबाडीचा. थंडी, थकवा, दडपण यांनी स्नायूंचा ताठरपणा वाढतो, त्यामुळे तपासणी अवघड असते हे खरं. म्हणूनच शारीरिक तपासणीनंतर खेळातली कौशल्यं पाहतात आणि पुढे प्रत्यक्ष स्पर्धेतही नजर ठेवतात. त्यातूनही कुणी निसटेल. त्यावर उपाय तपासणी कडक करण्याचा. वर्ग जोडले की सौम्य व्यंगवालीला आयता फायदा मिळतो, म्हणजे लबाडीचं बक्षीस वाढतंच.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. थाळीफेकीत सेरेब्रल पाल्सीच्या स्त्रियांचे वर्ग जास्त नाहीत, अपुरे आहेत. एफ ३५ आणि एफ ३६ ला स्वतंत्र थाळीफेक मिळायला हवी. बसून फेकणाऱ्यांचाही हक्क तितकाच आहे. नांदेडची भाग्यश्री जाधव पॅरिसला भारताची ध्वजवाहक होती आणि एफ ३४ च्या गोळाफेकीत पाचवी आली. तिच्या वर्गाला तिथे गोळा होता, भाला होता, थाळी नव्हती.

घरचं कामही कमी नाही. आपल्याकडे दिव्यांगत्व म्हणजे प्रमाणपत्रावरचे टक्के. हे टक्के सरकारी लाभासाठी ठीक, पण वर्तुळात उभ्या मुलीचा पाय ताठरतो की हात थरथरतो, हे ते सांगत नाहीत. जिल्हा पातळीवर टक्के पाहून गट पाडण्याऐवजी प्रशिक्षित वर्गीकरणकार नेमावेत. आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला खेळाच्या तासाला गुण लिहायला बसवू नका. तिच्या हातात थाळी द्या आणि फेक पट्टीने मोजा.