फाटकापुढची जागा कोणाची?

रात्री नऊच्या सुमारास दुकानांची शटर्स खाली येतात आणि जयसिंगपुरातील निवासी वसाहतींत वाहने परतू लागतात. वडिलांची मोटार, दोन मुलांच्या दोन मोटारी आणि दुकानाचा माल वाहणारा टेम्पो, अशी एकाच घराची चार वाहने रस्त्याकडेला ओळीने उभी राहतात. फाटकाच्या आत गाडीसाठी राखलेल्या जागेत एव्हाना कार्यालय थाटलेले असते किंवा मालाची खोकी रचलेली असतात. शेजारचे गृहस्थ कुंपणापुढे चार विटा, मोडकी खुर्ची आणि दोन कुंड्या मांडून जागा धरून ठेवतात. उशिरा परतणारा तिसरा कोणाच्या तरी फाटकासमोर गाडी लावतो आणि सकाळी वादाला तोंड फुटते. दूधवाला, सायकलवरची मुले आणि काठी टेकत मंदिराकडे निघालेल्या आजी यांना मधल्या अरुंद पट्टीतून वाट काढावी लागते.

ही अडचण जयसिंगपुरात यावी, याची विशेष खंत वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावे १९१७ च्या सुमारास वसविलेली ही पेठ आखीव नगररचनेसाठी ओळखली जाते. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे तिचे वैभव. व्यापाऱ्याचा माल सुलभपणे यावा-जावा, हवा खेळती राहावी, अशी ती आखणी. त्या काळी बैलगाडी माल उतरवून निघून जात असे. आजची मोटार दिवसातील बहुतांश वेळ उभीच असते.

व्यापारी कुटुंबाला हा हिशेब समजण्यास वेळ लागू नये. एका मोठ्या मोटारीसाठी साधारणतः अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा धरली जाते. बाजारपेठेत तेवढ्या गाळ्याचे भाडे किती होईल, हे प्रत्येक दुकानदार चटकन सांगेल. आपल्या दुकानाचा ओटासुद्धा कोणी फुकट वापरू लागला तर तो हरकत घेतो. तोच गृहस्थ रस्त्याचे १३५ चौरस फूट वर्षानुवर्षे विनामूल्य व्यापतो आणि ते स्वतःचेच मानतो.

कायद्याची स्थिती येथे स्पष्ट आहे. वसाहतीचा रस्ता नगरपरिषदेकडे वर्ग झालेला असेल, तर तो सार्वजनिक होतो. आपल्या कुंपणापुढची जागा आपली, हा समज निराधार आहे. तेथे विटा मांडणे, साखळी बांधणे अथवा भिंतीवर ‘नो पार्किंग’ रंगवून जागा राखणे यांमुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही. रस्त्यावर मांडलेले असे साहित्य हाच मुळात अडथळा ठरतो. उलट, शेजाऱ्याने कुंपणालगत नियमानुसार गाडी लावली तर तो अपराध नव्हे. मात्र फाटक अडविले तर तो नियमभंग होतो. चौकाजवळ, वळणावर, पदपथावर, शाळेच्या वा रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी, तसेच दुसऱ्या उभ्या गाडीला लागून दुहेरी रांगेत वाहन उभे करण्यास वाहतूक नियमांनी मनाई केली आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील प्रश्न थोडा निराळा आहे. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेत ५६ सदनिका आणि इमारतीखालच्या २५ पार्किंग जागा होत्या. त्या जागांवर बांधकाम व्यावसायिकाने हक्क सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी तो दावा फेटाळला. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानुसार इमारतीखालची अशी जागा समाईक असून ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. रेरा कायद्याखालील प्रकल्पांत आच्छादित पार्किंगसाठी करारातील नोंद तपासावी लागते. उघडी जागा विकता येत नाही. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींचा रोखही समन्यायी आहे. सामान्यतः एका सभासदाला एकच जागा द्यावी, जागा शिल्लक राहिल्यासच दुसरी द्यावी आणि तीही वर्षापुरती. मागणी अधिक असल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात. शुल्क सर्वसाधारण सभेने ठरवावे.

वाहनकर्ज देताना उत्पन्न, हप्ता आणि परतफेडीची क्षमता तपासली जाते. गाडी रात्री कोठे उभी राहणार, हे क्वचितच कोणी विचारते. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून मोटार ठेवण्याच्या जागेचा पुरावा मागितला जातो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये, एकच सदनिका असलेल्या कुटुंबाला चार-पाच मोटारी बाळगू देण्याविषयी चिंता व्यक्त केली होती. शासन नियम करील तेव्हा करील. जैन गृहस्थाला मात्र हा प्रश्न नवा नाही.

दिगंबर परंपरेतील दशविध बाह्य परिग्रहात क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांच्यासोबत ‘यान’ स्पष्टपणे गणलेले आहे. परिग्रह-परिमाण करणारा श्रावक सोन्याची व जमिनीची मर्यादा ठरवितो. त्याच वेळी त्याने घरातील वाहनांचीही संख्या ठरवावी. त्याहून गंभीर प्रश्न अचौर्य अणुव्रताचा आहे. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. रस्ता सर्वांना येण्या-जाण्यासाठी दिलेला आहे. त्याचा एक तुकडा कायमचा अडवून ठेवण्याची अनुमती कोणी, कोणास दिली? चातुर्मासात मुनिसंघ अनवाणी, चार हात भूमी न्याहाळत त्याच गल्लीतून जातो. त्यांच्या स्वागतासाठी त्या दिवशी गाड्या हटतात. रुग्णवाहिका मात्र पूर्वसूचना देऊन येत नाही. मध्यरात्री अग्निशमन बंब अडला, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा?

उपाय अवघड नाहीत. प्रथम फाटकाच्या आतील जागा रिकामी करून ती गाडीला परत द्यावी. टेम्पो गोदामाशी किंवा दुकानाशी ठेवावा. वसाहतीने वर्षातून एकदा सभा घेऊन कोणत्या बाजूला वाहने लावावीत, पाहुण्यांसाठी व लग्नकार्यासाठी काय सोय करावी, हे इतिवृत्तात नोंदवावे आणि रस्ता सार्वजनिक असल्यास नगरपरिषदेकडे एकाच बाजूच्या पार्किंगची मागणी करावी. नियम अध्यक्षांच्या गाडीलाही लागू असावा. तसे झाले तरच इतर तो मानतील.

पर्वानंतर क्षमावाणीचे संदेश मुंबई-बंगळूरूपर्यंत शेकड्यांनी जातात. गाडीच्या वादातून ज्याच्याशी बोलणे तुटले, तो भिंतीपलीकडचा शेजारी बहुधा त्या यादीत नसतो. यंदा त्याच्या दारी स्वतः जावे; आणि जाण्यापूर्वी त्याच्या फाटकासमोरची आपली गाडी काढून घ्यावी.