आधी सुई, मग फुगा

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला १९७४ साली वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्यावर जगात कुठेच फारसा इलाज नव्हता. मुंबई असो की लंडन, रोग्याला खाटेवर सक्त विश्रांती, कळ थांबवायला मॉर्फिन, नाकाला प्राणवायू, आणि ठोके बिघडले तर विजेचा धक्का. अडलेली रक्तवाहिनी उघडावी हा विचार रुजलाच नव्हता. गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, यावरच डॉक्टरांत वाद होता. जेम्स हेरिक यांनी १९१२ सालीच गुठळीकडे बोट दाखवले होते, तरी वाद मिटायला १९८० उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन चार तासही न झालेल्या रोग्यांच्या हृदयाची अँजिओग्राफी केली. शंभरातल्या ८७ जणांची वाहिनी पूर्ण बंद निघाली.

म्हणजे अंबाजोगाईचा रोगी आणि झुरिकचा रोगी तेव्हा जवळपास एकाच नशिबाचे धनी होते. इलाज सापडत गेला तसे या दोघांत अंतर पडत गेले. बीड जिल्ह्यात आज कोणाला झटका आला तर तो वाचेल की नाही, हे या अंतरावर ठरते.

वाहिनी उघडण्याच्या दोन वाटा निघाल्या. पहिली औषधाची. विल्यम टिलेट यांना १९३३ साली दिसले की स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू रक्ताची गुठळी विरघळवणारा पदार्थ सोडतात. त्याचेच पुढे स्ट्रेप्टोकायनेज झाले. दुसरी वाट नळीची. वेर्नर फोर्समान यांनी १९२९ साली स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली होती. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये त्या नळीच्या टोकाला फुगा लावून हृदयाची अरुंद झालेली वाहिनी रुंद केली. हीच अँजिओप्लास्टी.

आधी बाजी मारली औषधाने. १९८६ साली इटलीतल्या ‘गिस्सी’ चाचणीत अकरा हजारांहून अधिक रोगी होते. स्ट्रेप्टोकायनेज ज्यांना पहिल्या तासात मिळाले, त्यांच्यातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सहा तास उलटून गेलेल्यांना फारसा उपयोग झाला नाही. औषध तेच, मात्राही तीच, फरक फक्त घड्याळाचा. दोन वर्षांनी ‘आयसिस-२’ या चाचणीत १७,१८७ रोगी होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि सोबत ॲस्पिरिनची साधी गोळी, एवढ्याने मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके जीव वाचवल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि आम्हाला ती चाचणी आजही सर्वांत मोलाची वाटते.

मग फुगा पुढे गेला. २००३ साली २३ चाचण्यांतल्या ७,७३९ रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. औषध दिलेल्यांत शंभरातले नऊ दगावले, थेट अँजिओप्लास्टी केलेल्यांत सात. पुन्हा झटका येणे, मेंदूत रक्तस्राव होणे, यातही फुगा सरस ठरला. या निकालाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यातले रोगी वेळेत कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीतल्या, टेबलावर पोहोचत होते. डेन्मार्कमध्ये रोग्याला लहान रुग्णालयातून मोठ्यात हलवूनही फुग्याचाच फायदा दिसला, तो दोन तासांच्या आत हलवल्यावर.

आपल्याकडे पहिली अँजिओप्लास्टी डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी १९८६ साली चेन्नईत केली. पुढे बरीच वर्षे ती पैसेवाल्यांची चीज राहिली. गरिबाच्या दारात ती आणली राजीव गांधी जीवनदायी योजनेने. २०१२ साली योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात बीड नव्हते. २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर झाली. आज तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०१७ साली केंद्राने वाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत तीस हजारांच्या आत आली. या दोन निर्णयांनी असंख्य घरे वाचली आहेत. शेत गहाण न टाकता छातीत स्टेंट बसवून आलेले लोक आज गावोगाव भेटतात.

मात्र त्यातूनच एक समजूत पक्की झाली, की खरा इलाज शहरातच, आणि तालुक्याला गुठळीच्या औषधाची सुई मारतात ती वेळ मारून नेण्यापुरती. ही समजूत जीव घेते. नकाशा समोर ठेवून बघा. बीड ते छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या वर. गाडी कुठे न थांबता गेली तरी दोन तास रस्त्यातच जातात. अंबाजोगाई, परळीचे लोक लातूर गाठतात, आष्टीचे अहिल्यानगर. शिरूर कासार, वडवणी किंवा धारूरच्या डोंगरातल्या तांड्यावरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच वेळ जातो. जगभर मान्य असलेला नियम असा, की ईसीजीत झटका दिसल्यापासून दोन तासांच्या आत तार अडथळ्यापलीकडे जाणार असेल तरच थेट अँजिओप्लास्टीची वाट बघावी. नाहीतर औषध तिथेच, लगेच द्यावे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात रोग्याचे हे दोन तास वाटेतच संपतात.

आणि त्याआधीचे तास घरात गेलेले असतात. छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात, गॅस झालाय, सोडा प्या, पडा जरा. देशातल्या वीस हजारांवर रोग्यांची ‘क्रिएट’ ही नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दुखू लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे होता. मोठा झटका आलेल्यांतही पहिल्या तासात फार थोडे पोहोचत. त्याच नोंदीत गरीब रोगी श्रीमंतांपेक्षा जास्त दगावले, महिन्याभरात शंभरात आठांहून अधिक, तर श्रीमंतांतले साडेपाच. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला की ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचे हृदय काही वेगळे नव्हते.

तालुक्याच्या रुग्णालयात ही सुई देणे म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही पाहू. ईसीजी काढायचा. पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे अर्धांगवायू किंवा शस्त्रक्रिया झाली होती का, हे नातेवाइकांना विचारायचे. ॲस्पिरिन चावायला द्यायची. मग स्ट्रेप्टोकायनेजची १५ लाख युनिट सलाइनमधून तासाभरात सोडायची. सिस्टर शेजारी उभी राहून दर थोड्या मिनिटांनी रक्तदाब बघते, कारण या औषधाने तो घसरतो. दीड तासाने पुन्हा ईसीजी. वर चढलेली रेघ निम्म्याहून खाली आली, कळ थांबली, तर वाहिनी उघडली असे धरायचे. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध असेल तर काम आणखी सोपे, वजनाच्या हिशेबाने एकच इंजेक्शन, काही सेकंदांत. ते तर पुण्याजवळच्या हिंजवडीतली जेनोव्हा कंपनी बनवते. स्ट्रेप्टोकायनेज देशात बनावे म्हणून चंदीगडच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. गिरीश साहनी यांनी वर्षानुवर्षे खपून काम केले.

तरीही सुई न देता ‘पुढे न्या’ असे लिहून मिळते, त्यामागे भीती आहे. शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो. तो एक रोगी गेला की नातेवाईक अंगावर येतात. न दिल्यामुळे वाटेत गेलेल्यांचा जाब कोणी विचारत नाही. एकट्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यावर हा भार टाकणे अन्याय आहे. ईसीजी मोबाइलवर पाहून ‘द्या’ असे सांगणारा आणि आपले नाव केसपेपरवर लिहू देणारा हृदयरोगतज्ज्ञ त्याच्या पाठीशी हवा.

औषध की फुगा, हा झगडा तर मिटलेलाच आहे. ‘स्ट्रीम’ या २०१३ सालच्या चाचणीत लवकर आलेल्या, पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळू शकणाऱ्या रोग्यांना आधी टेनेक्टेप्लेज आणि नंतर अँजिओग्राफी दिली. निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचा आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना औषधाची मात्रा निम्मी करावी लागली, हेही त्यातच शिकायला मिळाले. तामिळनाडूने हीच पद्धत जिल्ह्यांत राबवली. लहान रुग्णालयात औषध, मग ठरलेल्या मोठ्या रुग्णालयात रवानगी. २,४२० रोग्यांच्या त्या प्रयोगात वर्षभरातले मृत्यू शंभरात १७.६ वरून १४.२ वर आले. ज्यांचा रक्तदाब कोसळला आहे, ज्यांना औषध चालत नाही किंवा लागू पडत नाही, त्यांना मात्र सरळ कॅथलॅबकडेच धाडले पाहिजे. बाकीच्यांसाठी औषधानंतर तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी, तीही नीट, दिवसाउजेडी.

बीडला यासाठी नव्या इमारतीची वाट बघावी लागत नाही. १०८ च्या गाड्या २०१४ पासून धावतात आणि त्यांत डॉक्टर असतो. ग्रामीण रुग्णालये तालुक्यागणिक आहेत. अंबाजोगाईचे महाविद्यालय शिकवायला आहे. प्रत्येक केसपेपरवर तीन वेळा लिहिणे सक्तीचे करावे: कळ कधी आली, ईसीजी कधी काढला, सुई कधी दिली. या तीन आकड्यांची दरमहा जिल्हाधिकाऱ्यांपुढे झडती व्हावी.

आणि एक गोष्ट फक्त बीडची. दिवाळीच्या सुमारास इथले लाखो लोक कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. झटका त्यांना तिकडच्या फडात येतो, जिथे ना ओळखीचा डॉक्टर, ना घरचे माणूस, आणि मुकादमाची उचल फेडायची म्हणून कळ सोसण्याकडे कल. कारखान्याच्या दवाखान्यात ईसीजी यंत्र आणि ॲस्पिरिन असावी, जवळच्या कोणत्या रुग्णालयात सुई मिळते ते प्रत्येक टोळीच्या मुकादमाला लेखी कळवलेले असावे, आणि ही अट गाळप परवान्यातच घालावी. साखर आयुक्तालयाने हे येत्या हंगामाआधी करावे.